‘पाहिजे’ची कुळकथा

शालेय मराठी व्याकरणाच्या पुस्तकात ‘अनियमित’ अथवा ‘गौण’ क्रियापदांची एक छोटीशी यादी असते. आहे, नाही, नको, नये, नव्हे, नलगे आणि पाहिजे. या क्रियापदांना काळ-अर्थांचे नेहमीचे प्रत्यय लागत नाहीत, ती आपापल्या तऱ्हेने चालतात, एवढे सांगून लेखक पुढे जातो. त्याच पुस्तकात पुढे प्रयोगांचे प्रकरण येते. तेथे कर्मणी प्रयोगाचे पोटभेद देताना ‘पुराण कर्मणी’ नावाचा एक भेद सांगितलेला असतो. ‘ज’ हा प्रत्यय लागलेली कीजे, बोलिजे, देईजे अशी रूपे जुन्या काव्यात आढळतात, आज ती प्रचारात नाहीत, असा त्याचा परिचय. विद्यार्थी पहिली यादी पाठ करतो, दुसरा भेद परीक्षेपुरता लक्षात ठेवतो आणि घरी येऊन ‘आई, मला पाणी पाहिजे’ म्हणतो. प्रचारातून गेला म्हणून सांगितलेला प्रयोग आपण आत्ताच उच्चारला, हे त्याला कोणी सांगत नाही. या दोन पानांची गाठ आमच्या व्याकरणपुस्तकांनी कधी घालून दिली नाही, ही त्यांच्याविषयीची माझी मुख्य तक्रार आहे.

तक्रार केवळ शास्त्रीय असती तर ती येथे मांडण्याचे कारण नव्हते. परंतु धार, देवास, तिरला या बाजूच्या आपल्या जुन्या घरांतून मराठीविषयी जे बोलले जाते, त्यात ‘पाहिजे’ वारंवार येते. पुण्या-नाशिकाकडून आलेला आप्त जेवता जेवता आपल्या मुलांची वाक्ये दुरुस्त करतो, आणि त्या दुरुस्त्यांपैकी निम्म्या तरी या एका क्रियापदाभोवतीच्या असतात. मुले ओशाळतात, वडीलधारी माणसे ‘काय करणार, इथे सगळी हिंदी’ म्हणून मान हलवतात. कोणती चूक खरोखर चूक आहे आणि कोणती नाही, हे मात्र तपासले जात नाही. ते तपासायचे तर शब्दाचे कूळ पाहावे लागेल.

संस्कृतात कर्मणी प्रयोग ‘य’ने होतो. करोति म्हणजे करतो, क्रियते म्हणजे केले जाते, ददाति, दीयते, पठति, पठ्यते. प्राकृतांत या ‘य’ची दोन रूपे झाली. बाराव्या शतकात पाटण येथे हेमचंद्राने जे व्याकरण रचले, त्याच्या आठव्या अध्यायात त्याने या प्रत्ययाचे दोन पर्याय नोंदविले आहेत, ‘ईअ’ आणि ‘इज्ज’. पढीअइ आणि पढिज्जइ, दोन्हींचा अर्थ ‘वाचले जाते’ असाच. यांतला ‘इज्ज’ मराठीने उचलला. शेवटच्या ‘अइ’चा ‘ए’ झाला, जोडाक्षर सैल झाले, आणि पढिजे, कीजे, दीजे, बोलिजे अशी जुन्या मराठीची रूपे तयार झाली. त्याच रांगेत ‘पाहिजे’ बसते. पाहणे या धातूचे हे कर्मणी रूप. मूळ अर्थ ‘पाहिले जाते’, आणि त्याला जोडूनच ‘पाहिले जावे’. रांगेतली बाकीची रूपे काळाच्या ओघात गळाली. मराठीच्या घडणीवर फ्रेंचमध्ये मोठा ग्रंथ लिहिणारे झ्यूल ब्लॉक यांनीही या प्रत्ययाचे अर्वाचीन अवशेष म्हणून बोट ठेवले ते ‘पाहिजे’ आणि ‘म्हणजे’ यांवर. ‘म्हणजे’ हेही ‘म्हणिजे’, अर्थात ‘म्हटले जाते’.

ज्यांना जुने काव्य दूरचे वाटते त्यांनी मनाचे श्लोक आठवावेत. माळव्यातील मराठी घरांत ते पिढ्यान्पिढ्या पाठ होत आले आहेत. दुसऱ्याच श्लोकात ‘पाविजे’ हे रूप आहे, ‘प्राप्त केला जातो’ या अर्थाचे. ज्या मुलाला ‘पाविजे’ पाठ आहे आणि ‘पाहिजे’ बोलता येते, त्याला ‘पुराण कर्मणी’ शिकवायला दोन मिनिटे पुरावीत. आपण त्याला तो भेद एखादे मृत नाणे दाखवावे तसा दाखवतो.

हेमचंद्राचे नाव निघाले आहे तर धारकरांना त्याच्या व्याकरणाविषयीची कथा सांगितलीच पाहिजे. सिद्धराज जयसिंहाने माळवा जिंकल्यावर येथील पोथ्या पाटणला नेल्या, त्यांत भोजाचे व्याकरण निघाले, आणि आपल्या राज्यात असा ग्रंथ नसावा याची खंत वाटून राजाने हेमचंद्राला व्याकरण लिहिण्यास सांगितले, असे जैन प्रबंधकार सांगतात. कथेतला इतिहास किती, हा प्रश्न वेगळा ठेवू. परंतु मराठीच्या या प्रत्ययाची नोंद ज्या ग्रंथात इतक्या नेटकेपणाने झाली, त्या ग्रंथाची प्रेरणा परंपरेने धारच्या पोथीत पाहिली, ही गोष्ट आपल्याला ठाऊक असावी. तशीच दुसरी. १९०३ मध्ये धार येथे काही कोरीव शिळा उजेडात आल्या. धार संस्थानाच्या शिक्षणखात्याचे काशिनाथ कृष्ण लेले यांचा त्या कामात पुढाकार होता. त्या शिळांवर पृथ्वी पाठीवर धरणाऱ्या कूर्माची स्तुती करणारी दोन प्राकृत काव्ये आहेत, प्रत्येकी शंभरावर पद्यांची, भोजाच्या नावावर असलेली, आणि त्यांची भाषा महाराष्ट्री प्राकृत आहे. ज्या रिखार्ड पिशेल यांनी १९०० मध्ये प्राकृतांचे प्रमाणभूत व्याकरण प्रसिद्ध केले, त्यांनीच १९०५-०६ मध्ये ही काव्ये संपादून छापली. महाराष्ट्री ही सर्व भारतभर काव्याची भाषा होती. तेव्हा यावरून भोजाच्या धारेत लोक मराठी बोलत होते असे कोणी म्हणू नये, तो पोरकटपणा होईल. मात्र पवारांबरोबर अठराव्या शतकात जी भाषा आपल्या पूर्वजांच्या तोंडून माळव्यात आली, तिची पणजी येथे दगडावर आधीच कोरलेली होती, एवढे निःशंकपणे म्हणता येते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याच निर्णयात प्राकृतलाही दिला. त्यानंतर मराठीच्या प्राचीनतेवर पुष्कळ भाषणे झाली. त्यांत गाथासप्तशतीचा उल्लेख आवर्जून होता. ‘पाहिजे’चा उल्लेख निदान माझ्या कानी आला नाही.

आता अर्थाकडे वळू. ‘पाहिले जाते’ याचे ‘हवे असते’ कसे झाले? वाटते तितके हे अंतर मोठे नाही, आणि मधल्या सर्व पायऱ्या आजच्या मराठीत जागेवर आहेत. आपण मुलीसाठी स्थळ पाहतो, इंदुरात घर पाहतो, नोकरी पाहतो; येथे पाहणे म्हणजे शोधणे. आपण वाट पाहतो. येथे पाहणे म्हणजे अपेक्षेने डोळे लावणे. तो निघू पाहतो, ती बोलू पाहते; येथे तर पाहणे म्हणजे सरळसरळ इच्छिणे. जे शोधले जाते, ज्याकडे डोळे लागलेले असतात, ते हवेसे असते. ‘मला पाणी पाहिजे’ याचा मूळ अन्वय असा की, माझ्या ठायी पाण्याकडे पाहिले जात आहे.

एकट्या मराठीने ही वाट चोखाळली असती तर तो योगायोग म्हणता आला असता. पण गुजरातीतले ‘जोईए’ पाहा. ‘मने पाणी जोईए’. जोवुं म्हणजे पाहणे, आणि ‘जोईए’ हे त्याचेच जुने कर्मणी रूप, हेमचंद्राच्या दुसऱ्या पर्यायातून, म्हणजे ‘ईअ’मधून आलेले. हिंदीतला ‘चाहिए’ही त्याच घडणीचा. आज ‘चाहना’ म्हणजे इच्छिणे किंवा प्रेम करणे; परंतु व्रज आणि अवधीच्या जुन्या काव्यात ‘चाहना’ निरखून पाहणे या अर्थाने येतो, आणि हिंदीचे कोशही तो अर्थ देतात. म्हणजे तिन्ही भाषांनी पाहण्याच्या अर्थाचे धातू घेतले, धातू मात्र वेगवेगळे. तिघींनी त्यांना जुन्या कर्मणीचा प्रत्यय लावला, तोही दोन वेगळ्या रूपांत. आणि तिघी एकाच अर्थावर येऊन थांबल्या. तिरला हे गाव धारहून गुजरातकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. तेथल्या बाजारात हिंदीतले ‘क्या चिये’, एखाद्या गुजराती व्यापाऱ्याचे ‘शुं जोईए’ आणि आपल्या घरातले ‘काय पाहिजे’ एका सकाळी ऐकू यावे, यात नवल नाही. आपण त्यांना तीन भाषा समजतो. या एका वाक्यापुरत्या त्या तीन उच्चार आहेत.

येथेच धोकाही आहे. ‘मुझे पानी चाहिए’ आणि ‘मला पाणी पाहिजे’ यांत शब्दास शब्द, विभक्तीस विभक्ती जुळते. दोन्हींकडे इच्छा करणारा चतुर्थीत, वस्तू प्रथमेत, क्रियापद शेवटी. सांधा कोठेच दिसत नाही. जेथे दोन भाषांची घडण वेगळी असते तेथे बोलणारा क्षणभर अडखळतो आणि सावध होतो. येथे तो अडखळत नाही. एका भाषेतून दुसरीत नकळत घसरतो. आणि पुढे, जेथे या दोन शब्दांचे व्याकरण फुटते तेथेही तो तसाच घसरत राहतो. म्हणून ते फुटते कोठे, हे नीट पाहिले पाहिजे.

पहिला फरक वचनाचा आणि पुरुषाचा. ‘पाहिजे’ हे खरे आख्यात असल्यामुळे ज्या वस्तूची गरज आहे तिच्याप्रमाणे ते बदलते. मला वही पाहिजे, मला वह्या पाहिजेत. मला तू पाहिजेस. ‘मी तुला पाहिजे का?’ लिंगाचा मात्र त्याच्यावर परिणाम होत नाही, कारण जुन्या वर्तमानकाळी आख्याताला लिंग नव्हतेच. शेजारचे ‘हवा’ हे याच्या उलट, विशेषणासारखे चालते: हवा, हवी, हवे, हव्या. हा भेद जाणणाऱ्याला ‘अनियमित’ म्हणून डोळे मिटण्याची गरज उरत नाही. ‘पाहिजे’ आपल्या कुळाच्या नियमाने अगदी नियमित चालते. ते कूळच आता एकट्याचे राहिले, हा त्याचा दोष नव्हे. हिंदीतला ‘चाहिए’ अनेकवचनात बहुधा बदलत नाही. ‘चाहिएँ’ लिहावे की नाही यावर हिंदीवाल्यांतच दुमत आहे. आपल्या मुलांच्या ‘मला दोन वह्या पाहिजे’मध्ये तो ‘त’ गळाला आहे, त्यामागे हे कारण असणार. अर्थात महाराष्ट्रातही बोलताना तो गळतोच, तेव्हा त्याचा सगळा दोष माळव्याच्या माथी मारू नये.

दुसरा फरक अधिक खोलवरचा आहे. ‘पाहिजे’ इच्छेचे आहे तसेच कर्तव्याचेही आहे. त्याने पत्र लिहिले पाहिजे. त्याने चिठ्ठी लिहिली पाहिजे. त्याने पत्रे लिहिली पाहिजेत. या वाक्यांची रचना थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. करणारा चतुर्थीत नाही, तृतीयेत आहे. क्रिया ‘लिहिणे’ या रूपात नाही, ‘लिहिले’ या रूपात, म्हणजे पूर्ण झालेली अशी आहे. मूळ अन्वय लावला तर वाक्य असे होते: त्याने लिहिलेले पत्र पाहिले जाते, त्याची वाट पाहिली जाते. जणू डोळ्यांसमोर काम पुरे झालेले आहे आणि प्रत्यक्षाने तेथवर यावे एवढीच अपेक्षा आहे. हिंदीत ‘उसे पत्र लिखना चाहिए’ म्हणतात. तेथे काम अजून करावयाचे आहे आणि ते ‘उसे’, म्हणजे त्याच्याकडे, चतुर्थीने सोपविलेले आहे. मजेची गोष्ट अशी की, जुन्या उर्दू-हिंदीत ‘किया चाहिए’, ‘देखा चाहिए’ ही रचना सर्रास होती, आपल्या ‘केले पाहिजे’ची सख्खी बहीण. हिंदीने ती सोडली, आपण ठेवली. गुजरातीने क्रियेचे रूप बदलले, पण करणारा तृतीयेतच ठेवला. ‘तेणे करवुं जोईए’ असेच ते म्हणतात.

अकर्मक धातूंत हीच रचना भावे होते. त्याने गेले पाहिजे, मी गेले पाहिजे. पुरुष स्वतःविषयी एरवी ‘मी गेलो’ म्हणतो, येथे मात्र त्याला ‘मी गेले पाहिजे’ असेच म्हणावे लागते, कारण ते ‘गेले’ त्याचे नव्हे, भावाचे नपुंसकलिंगी रूप आहे. ‘मी’ आणि ‘तू’ यांना मराठीत तृतीयेचे वेगळे रूप राहिलेले नाही, म्हणून ते येथे प्रथमेसारखे दिसतात आणि परक्याला गोंधळात पाडतात. ‘तू’च्या बाबतीत भाषेनेच एक गमतीची तडजोड केली आहे: तू अभ्यास केला पाहिजेस. नियमाप्रमाणे क्रियापद ‘अभ्यास’कडे पाहून चालायला हवे, तरी तो ‘स’ करणाऱ्याचा आहे. ‘तू अभ्यास केलास’ याच घाटाने तो येथे येऊन बसला. तर्काला हा ‘स’ मान्य होण्यासारखा नाही, परंतु कानाला तो इतका हवासा आहे की त्याच्यावाचून वाक्य उघडे वाटते.

बोलण्यात ‘केले पाहिजे’च्या बरोबरीने ‘करायला पाहिजे’ चालते. त्यातही करणारा तोच: त्याने यायला पाहिजे, तू यायला पाहिजे होतंस. आणि आपल्या घरांतल्या बोलीचा खरा तिढा येथे आहे. आपण म्हणतो, ‘तुला यायला पाहिजे होतं’. ‘तुझे आना चाहिए था’ याचे हे बिनसांध्याचे भाषांतर. ‘तू’चा ‘तुला’ झाला, ‘होतंस’मधला ‘स’ गेला, ‘त्याने’चा ‘त्याला’ झाला. जेथे तेथे ‘ला’.

याने काय बिघडले, असे कोणी विचारील. आली-गेलीसारख्या अकर्मक क्रियांत फारसे बिघडत नाही, आणि ‘मला आता निघायला पाहिजे’ हे पुण्यातही खुशाल बोलले जाते. त्यासाठी मुलाला ताटावर टोकणाऱ्या आप्ताने आधी आपले घर पाहावे. परंतु सकर्मक क्रिया घ्या. ‘मी पुस्तक वाचायला पाहिजे’ हे कर्तव्य. ‘मला पुस्तक वाचायला पाहिजे’ ही इच्छा, म्हणजे वाचण्यासाठी एखादे पुस्तक मिळावे अशी. ‘त्याने पैसे द्यायला पाहिजेत’ म्हणजे त्याच्यावर देणे आहे. ‘त्याला पैसे द्यायला पाहिजेत’ म्हणजे त्याला कोठेतरी द्यावयाचे आहेत आणि त्यासाठी ते हवे आहेत, किंवा आपणच ते त्याला द्यायला हवेत. मराठीने इच्छा आणि कर्तव्य या दोहोंसाठी एकच क्रियापद ठेवले, आणि त्यांतला भेद एका विभक्तीवर तोलला. ज्याची इच्छा तो चतुर्थीत, ज्याचे कर्तव्य तो तृतीयेत. सरसकट ‘ला’ केला की तो काटाच निखळतो.

हिंदीचे मात्र यात काही जात नाही. तिच्यात करणारा दोन्हीकडे ‘को’ने येतो हे खरे, पण भेद तिने क्रियेच्या रूपात राखला आहे. ‘मुझे पढ़ने को किताब चाहिए’ ही इच्छा, ‘मुझे किताब पढ़नी चाहिए’ हे कर्तव्य. आपण हिंदीचा ‘को’ घेतला. ‘पढ़नी’ आपल्याला घेता आली नाही, कारण ‘वाचायला’ हे रूप लिंगाने बदलत नाही. अशा रीतीने हिंदीची सोय मिळाली नाही आणि मराठीची गेली. परभाषेतून शब्द घेण्याला माझी कधी हरकत नव्हती. तारीख, पगार, पोशाख हे आपले शब्दही असेच आलेले आहेत. अशी अर्धी घेतलेली रचना मात्र नडते. देवासची एखादी आई इंदुरात शिकणाऱ्या मुलाला दूरध्वनीवर ‘तुला आजोबांना पैसे द्यायला पाहिजे होते’ म्हणते. ती त्याला कर्तव्य सुनावते आहे, की आजोबांना देण्यासाठी पैसे हवे होते का असे विचारते आहे, हे मुलाला आवाजाच्या चढउतारावरून ताडावे लागते. ‘तू आजोबांना पैसे द्यायला पाहिजे होतेस’ म्हटले की ताडण्यासारखे काही राहत नाही. घरात मराठी टिकवायची तर कोठे आग्रह धरावा असे मला कोणी विचारले, तर ‘टेबल’ला मेज म्हणण्याचा हट्ट सोडून मी या ‘तू’वर आणि ‘त्याने’वर बोट ठेवीन.

आणि कोठे आग्रह धरू नये, तेही सांगतो. ‘पाहिजेल’ या रूपाची आपल्या घरांतून जितकी थट्टा होते तितकी क्वचितच दुसऱ्या कशाची होत असेल. महाराष्ट्राच्या खेड्यांतून सून आली, तिने ‘मला पैसे पाहिजेल’ म्हटले, की सासरची मंडळी एकमेकांकडे पाहतात. शाळेतले गुरुजीही ते तांबड्या शाईने खोडतात. आता ज्ञानेश्वरीच्या काळच्या मराठीचे व्याकरण उघडा. या जुन्या कर्मणीचा भविष्यकाळ तेथे ‘इजैल’ असा होतो. सांगिजैल म्हणजे सांगितले जाईल. त्या साच्यात ‘पाहणे’ घातले तर ‘पाहिजैल’ मिळते. आजचे ‘पाहिजेल’ थेट त्याचाच वारसा सांगते, की येईल-करील यांच्या ओघात नव्याने घडले, यावर वाद होऊ शकतो; आज त्यात भविष्याचा अर्थ उरलेला नाही, हेही खरे. तरीही ज्या रूपाला व्याकरणाचा इतका जुना आधार दाखवता येतो, त्यावर हसण्याचा अधिकार ‘पुराण कर्मणी’ विसरलेल्या आपल्यासारख्यांना नाही. सुनेचे ‘पाहिजेल’ सासूच्या ‘तुला यायला पाहिजे होतं’पेक्षा मराठीच्या अधिक जवळचे आहे, असे माझे मत आहे.

थट्टेचा दुसरा विषय म्हणजे ‘पाहिजे’चा कथित उद्धटपणा. ‘मला चहा हवा आहे’ म्हणावे, ‘पाहिजे’ म्हणू नये, ते हुकूम सोडल्यासारखे वाटते, अशी शिकवण शहरी घरांतून दिली जाते. आपल्याकडे ‘हवे’ कमी आणि ‘पाहिजे’ अधिक, त्यामुळे आपण सगळेच उद्धट ठरतो. कोणता शब्द सौम्य वाटावा हे सवयीने ठरते, त्याला इलाज नाही. पण घडणीकडे पाहिले तर ‘पाहिजे’इतके नम्र वाक्य दुसरे नाही. ‘मी इच्छितो’ यात मी पुढे उभा आहे. ‘मला पाहिजे’ यात मी बाजूला आहे, वस्तू पुढे आहे, आणि पाहण्याची क्रिया कोणी करतो असेही म्हटलेले नाही. ती आपोआप होते आहे. जगातल्या पुष्कळ भाषांना इच्छेविषयी असे बाजूला सरून बोलणे आवडते. कन्नडमधला ‘बेकु’ असाच चतुर्थीवर चालतो. दूरच्या आयर्लंडच्या जुन्या भाषेत तर ‘मला पुस्तक पाहिजे’ हे ‘पुस्तक माझ्यापासून आहे’ अशा शब्दांत सांगतात. वस्तू माझ्यापासून दूर आहे, एवढीच गोष्ट नोंदवायची, इच्छा ऐकणाऱ्याने समजून घ्यायची. त्या भाषेत ‘जवळ असणे’ यालाही स्वतंत्र क्रियापद नाही, आपल्या ‘माझ्याजवळ आहे’सारखीच रचना आहे. हे वाचल्यापासून ‘पाहिजे’ला उद्धट म्हणणाऱ्यांशी वाद घालण्याची माझी हौस बरीच कमी झाली.

‘पाहिजे’चे जुळे भावंड ‘म्हणजे’, त्याची स्थिती मात्र आपल्याकडे चिंताजनक आहे. ‘पाहिजे’ला हिंदीत हुबेहूब जोड असल्यामुळे ते निदान रूपाने टिकून आहे. ‘म्हणजे’ला तशी जोड नाही, आणि ‘मतलब’ हा शब्द सर्वत्र हाताशी आहे. तरुण मुलांच्या मराठी बोलण्यात वाक्यावाक्याला ‘मतलब’ येतो. ‘मतलब’ अरबीतून आलेला, त्याच्या धात्वर्थातही शोधण्याचीच कल्पना आहे. मराठीत तो जुना आहे, मतलबी माणसे आपण पूर्वीपासून ओळखतो. तेव्हा शब्दावर राग नाही. परंतु ‘इज्ज’चे दोनच वंशज मराठीत नांदते राहिले होते, त्यांतला एक आपल्या भागातून असा उठून चालला आहे, याची नोंद कोठेतरी व्हावी. १९४८ मध्ये संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला. पवारांच्या दफ्तरातली मराठी त्यापूर्वीच मागे पडू लागली होती. तेव्हापासून आपली मराठी ही केवळ घराची भाषा आहे, आणि घरात बोलताना ‘म्हणजे’ची गरज आठवून कोणी बोलत नाही.

व्याकरणाची पुस्तके लिहिणाऱ्यांकडे मागणे एवढेच की, पुढच्या आवृत्तीत ‘पाहिजे’ला अनियमितांच्या यादीतून उचलून पुराण कर्मणीच्या परिच्छेदात न्यावे, किंवा दोन्हीकडे ठेवून मध्ये एक वाक्य जोडावे. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतरच्या शतकभरात शालेय पुस्तके त्यातून उतरवून घेत आली. उतरवताना याद्या राहिल्या, त्यांच्यामागची चर्चा सुटली. शिकवणाऱ्यांनी मात्र आवृत्तीची वाट पाहू नये. मराठी वर्तमानपत्राचे छोट्या जाहिरातींचे पान वर्गात नेले तरी काम भागते. तेथे ‘पाहिजेत’ हा एकच शब्द शीर्षक म्हणून असतो. कोणाला ते लिहिलेले नसते, काय ते खाली बारीक अक्षरांत. कर्ता नाही, चतुर्थी नाही, केवळ कोणाकडे तरी पाहिले जात आहे, आणि ज्यांच्याकडे पाहिले जात आहे ते एकाहून अधिक आहेत, हे सांगणारा ‘त’ तेथे अजून जागच्या जागी छापला जातो.